खाऊ नये असा गोळा

मैद्याचा डबा आमच्याकडे वरच्या फळीवर, मागच्या रांगेत असतो. दिवाळीच्या आधी शंकरपाळ्या-करंज्यांसाठी तो खाली येतो, आणि मधूनच मुलाला घरी पिझ्झा करण्याची उबळ येते तेव्हा. एरवी त्याचं नाव काढायचं नाही. सूनबाई आरोग्याच्या बाबतीत काटेकोर आहे. बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरांत मैदा दिसला, तरी पुडा दुकानात जागच्या जागी परत जातो. तिनेच परवा स्टूल ओढलं, डबा उतरवला आणि मला विचारलं, "आई, दोन वाट्या मैदा निघेल ना यात?"

"निघेल की. काय करतेयस?"

"खेळायला हवाय."

मी चष्मा काढून पुसला. ऐकू नीट यायला चष्म्याचा काही उपयोग नसतो, पण विचार करायला वेळ मिळतो.

नातीच्या शाळेचा संदेश आला होता. नात छोट्या शिशुवर्गात आहे, पण गृहपाठ आम्हां चौघा मोठ्यांना असतो. या आठवड्याचा उपक्रम असा : पालक आणि पाल्य यांनी मिळून घरच्या घरी प्ले डो बनवावा, विकतचा आणू नये, रंग नैसर्गिक असावेत, पाल्याने त्यातून 'माझे आवडते विश्व' साकारावे आणि फोटो शुक्रवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाकावेत. खाली सेन्सरी प्लेचं महत्त्व दिलेलं : मळणं, दाबणं, ओढणं, वास घेणं यांतून मुलाला जगाची ओळख होते, बोटांना बळ येतं, पुढे पेन्सिल धरायला सोपं जातं. त्यातलं अक्षरही खोटं नाही. मी बालवाडीत आयुष्य काढलंय, पालकसभेत हेच बोलून मी टाळ्या घेतल्या आहेत.

अडचण अशी की माझ्यात दोन बायका राहतात. एक बालवाडीताई. दुसरी सासूबाईंच्या हाताखाली तयार झालेली गृहिणी. ही दुसरी परातीला चिकटलेली कणीक पाण्याचा हात लावून खरवडते आणि शेवटच्या पोळीत घालते. पिठाला पाय लागला तर आधी नमस्कार, मग केरसुणी. पोळ्या करताना कडेला बसलेल्या पोराला कणकेची गोळी द्यायची हा रिवाज तिलाही मान्य आहे, पण गोळी सुपारीएवढी. तिची जी करड्या रंगाची, भारताच्या नकाशासारखी पोळी होते, ती तव्यावर टाकून घरातल्या एका माणसाने "वा, काय खुसखुशीत!" म्हणत खायची असते. दिव्याच्या अवसेला आम्ही कणकेचे दिवे करतो, तेही गूळ घालून, उकडून, आणि ओवाळून झाले की तुपाबरोबर संपवून टाकतो. देवाला दाखवलेलं पीठही आम्ही सोडत नाही. आणि इथे दोन वाट्या मैदा मळायचा, तो न खाण्यासाठी.

बालवाडीताईचं आणि या बाईचं आजवर कधी वाजलं नव्हतं, कारण आमच्या बालवाडीत पीठ नव्हतंच. माती होती. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे सगळा संसार कोसबाडच्या टेकडीवर गेला. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. गुरं राखणारी मुलं अंगणातही सापडेनात, तर त्यांच्या मागे कुरणात जायचं. मॅडम माँटेसरींची साधनं लाकडाची, रंगवलेली, महागाची; त्यांच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे आणि माती आली. आम्ही त्याच वळणावर शिकलो. आमची साधनं फुकट असत आणि निम्मी मुलांच्या खिशातच असत. माती चाळायची, भिजवायची, तिंबायची, संपली की पुन्हा खणायची. मातीचं कुणी माप काढलं नाही, आणि शुक्रवारपर्यंत तिचा फोटोही मागितला नाही.

आता माती आणायची कुठून? आमच्या ठाण्याच्या सोसायटीत सगळीकडे फरशा आहेत. माती असते ती कुंडीत, आणि कुंडीवर फ्लॅटचा क्रमांक असतो. तेव्हा मैदा काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बालवाडीताई जिंकली. दुसरी बाई स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभी राहिली, ती शेवटपर्यंत हलली नाही.

कृती सोपी आहे. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल आणि दोन मोठे चमचे क्रीम ऑफ टार्टर. हे शेवटचं आणायला मुलगा खाली वाण्याकडे गेला. वाण्याने आधी क्रीमचा डबा काढून दिला. मुलगा म्हणाला, "नुसतं क्रीम नाही, टार्टर." वाणी म्हणाला, "टार्टर नाही ठेवत साहेब. टाटाचं देऊ?" अशा रीतीने मिठाचा एक जादा पुडा घरात आला.

टार्टर म्हणजे काय, हे मुलाने फोनवर वाचून दाखवलं. द्राक्षाची वाइन मुरत असताना पिंपाच्या आतल्या बाजूला जे खडे धरतात, ते खरवडून, शुद्ध करून त्याची ही आंबट पूड होते. आमचे हे तोवर पेपरात डोकं घालून बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतला. "मग नाशिकला नक्की मिळेल. मी जाऊन येऊ का?" इतक्या वर्षांच्या संसारात भाजी आणायला ते इतक्या तत्परतेने कधी उठले नव्हते.

जुन्या कृतींत तुरटीही घालत. तुरटी घरात होती, पण ती ह्यांच्या दाढीच्या डब्यातली, आणि नातीने हात लावायच्या वस्तूत ती घालायला सुनेची तयारी नव्हती. शेवटी लिंबू पिळायचं ठरलं. आंबटाने गोळा मऊ राहतो आणि टिकतोही, एवढंच काम असेल तर आपलं लिंबू काही कमी नाही. या लिंबाने पुढे काय केलं, ते सांगणार आहे.

मग मीठ. मुलाला वाटी हे माप मान्य नाही. तो इंजिनियर आहे, त्याला वजनकाटा लागतो. वाटीभर मीठ २०० ग्रॅमच्या आसपास भरलं. काट्यावरचा आकडा पाहून तो म्हणाला, "बाबा, जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं. म्हणजे हे तुमचं चाळीस दिवसांचं मीठ झालं." ह्यांना रक्तदाब आहे, ताटात लोणच्याची फोडही मी मोजून वाढते. त्या वाटीकडे ते ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेने लोक सराफाच्या काचेआड बघतात.

मीठ इतकं घालायला कारणं आहेत. खारटपणामुळे बुरशी धरत नाही, आणि मूल गोळा तोंडात घालत नाही. पहिलं कारण शास्त्रीय आहे. दुसरं ज्याने लिहिलं, त्याने कैरीला तिखटमीठ लावून खाणारं मूल पाहिलेलं नसावं. आमच्या नातीने गोळा निवायच्या आत त्याला जीभ लावली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "आज्जी, लिंबू कमी आहे." कुत्र्याच्या बाबतीत मात्र थट्टा नको. इतकं मीठ पोटात गेलं तर कुत्र्याला विषबाधा होते, म्हणून तळमजल्यावरच्या लाडावलेल्या लॅब्राडॉरला आमच्याकडे यायला आठवडाभर बंदी केली. त्याच्या मालकिणीला वाटलं, आमचं काही बिनसलं.

पण खरी जुंपली ती शिजवताना. हा गोळा न शिजवताही होतो, पण शिजवलेला जास्त गुळगुळीत होतो आणि जास्त दिवस टिकतो. थोडक्यात, ही उकड आहे. आणि उकड म्हटलं की घरात एकापेक्षा जास्त बायका असू नयेत. आम्ही दोघी होतो, आणि तिसऱ्या, म्हणजे रत्नागिरीच्या विहीणबाई, व्हिडिओ कॉलवर होत्या. सूनबाईने फोन तेलाच्या बरणीला टेकवून ठेवला होता. कृतीत लिहिलं होतं, सगळं थंड पाण्यात कालवून मग गॅसवर ठेवा. ते ऐकून विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अगो, आधी पाण्याला आधण येऊ दे! त्यात मीठ, तेल. मग पीठ, मग झाकण, मग दणदणीत वाफ!" मीही मान डोलावली. विहीणबाईंचं आणि माझं लग्नाच्या याद्या झाल्यापासून एकमत झालेलं हे पहिलंच प्रकरण.

सुनेने आम्हां दोघींचं ऐकलं नाही, आणि ते बरोबरच होतं. तांदळाच्या पिठीचं आणि मैद्याचं वागणं वेगळं. मैदा उकळत्या पाण्यात पडला की त्याच्या गुठळ्या होतात आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. गार पाण्यात आधी सारखा कालवला, की गरम होता होता साठ-पासष्ट अंशांच्या पुढे त्यातल्या स्टार्चचे कण फुगायला लागतात, पाणी पिऊन घेतात, आणि पातळ घोळ बघता बघता आळून कढईच्या कडा सोडतो. फक्त तोवर हात थांबवायचा नाही. सुनेचा दंड भरून आला, मग मुलाने उलथनं हातात घेतलं. गोळा झाला तेव्हा त्याच्या मनगटावरच्या घड्याळाने त्याला व्यायाम केल्याबद्दल शाबासकी दिली. इतकी वर्षं मी मोदकांची उकड काढतेय, मला कुणी शाबासकी दिलेली नाही.

विहीणबाईंचा मात्र अजून विश्वास बसेना. "पाकळ्या पडतायत का बघ याला," त्या म्हणाल्या. सूनबाईने लिंबाएवढा गोळा घेऊन पारी केली, चिमटीने पाकळ्या काढल्या, मोदक मिटला. एकही पाकळी फाटली नाही. फोनमध्ये बराच वेळ शांतता होती. मग विहीणबाई म्हणाल्या, "मैदा किती घातलास म्हणालीस?" यंदा रत्नागिरीत गणपतीला काय होणार आहे, या विचाराने मला काळजी वाटते.

कढई मावशींच्या वाट्याला आली. त्यांनी तळाला धरलेलं खरवडून बघितलं. "ताई, हे खायचं होतं का लावायचं?" मी म्हटलं, खेळायचं. "मैदा?" म्हणाल्या. "आमच्याकडं पोळ्याला मातीचे बैल करतात पोरं. पण ते पुजायला." पुढे काही बोलल्या नाहीत, फक्त नळ जरा मोठा सोडला. दारात उभ्या असलेल्या माझ्यातल्या त्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाचच कपाटं आवरायला घेतली.

आता रंग. विकतचा खायचा रंग दोन थेंब टाकला असता तर प्रकरण तिथेच संपलं असतं, पण संदेशात 'नैसर्गिक' होतं. हिरव्यासाठी पालक, गुलाबीसाठी बीट, पिवळ्यासाठी हळद. निळ्याला आपल्या स्वयंपाकघरात काही नाही, म्हणून शेजारच्या कुंडीतली गोकर्णाची फुलं रीतसर परवानगी घेऊन आणली आणि गरम पाण्यात टाकली. काय सुरेख निळं पाणी झालं! नात टाळ्या वाजवायला लागली. मग ते पाणी गोळ्यात घातलं. गोळ्यात लिंबू होतं. गोकर्णाचा निळा आंबटाशी गाठ पडली की जांभळा होतो. नातीचं आवडतं विश्व समुद्राचं होतं. समुद्र जांभळा झाला. पालकाचीही तीच गत. त्याचा हिरवा आंबटात टिकत नाही, त्याचं शेवाळ होतं. बिटाचा रस जाणार होता गरम गोळ्यात, आणि उष्णतेने तो विटतो. एक टिकली ती हळद. आंबट घाला, तापवा, तिला फरक पडत नाही. ती गोळ्यावर बसली, पोळपाटावर बसली, मुलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसली. सदरा मी दोन दिवस कडकडीत उन्हात टाकला तेव्हा डाग गेला. हळदीच्या डागाला ऊन लागतं, पावडरी लागत नाहीत.

नातीला मात्र सगळ्यात मोठा शोध बेसिनपाशी लागला. तिने हळदीचे हात साबणाने धुवायला घेतले आणि ते लालभडक झाले. साबणातल्या खाराने हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्यांना हे सांगायला नको. पण तिने ते पहिल्यांदाच पाहिलं. ती किंचाळली, मग हसली, मग पळत जाऊन पुन्हा हळदीत हात घालून आली. तो सगळा खेळ बेसिनपाशी, संदेशातल्या उपक्रमाच्या बाहेर चालला होता. त्याचा फोटो कुणी काढला नाही, कारण गोळा फ्रेममध्ये नव्हता.

सेन्सरी प्ले घरात इतका वाढला, की ह्यांनी विचारलं, "हे काढलं कुणी?" मुलाने पुन्हा फोन हातात घेतला. ही कहाणी मला फार आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं सिनसिनाटी शहर, १९३० च्या दशकातला काळ. घरं कोळशावर तापवत, आणि त्याची काजळी भिंतींवर बसे. भिंतींना लावलेला असे वॉलपेपर, म्हणजे कागद. तो पाण्याने पुसता येत नाही. तेव्हा कटॉल नावाच्या एका साबणाच्या कंपनीने मैद्याचा असाच एक गोळा काढला. तो भिंतीवरून फिरवायचा, काजळी त्याला चिकटून येते, भिंत स्वच्छ. धंदा बरा चालला. मग दुसरं महायुद्ध संपलं, घरोघर गॅस आला, काजळी गेली, आणि भिंतीला लावायचे कागदही धुता येणारे निघाले. कंपनीकडे मैद्याचे गोळे उरले. मालकांपैकी जो मॅकव्हिकर यांची के झुफॉल नावाची मेहुणी लहान मुलांची शाळा चालवायची. ती म्हणाली, माझ्या मुलांना द्या. मुलांनी त्यातून जे काय केलं ते पाहून कंपनीचे डोळे उघडले. १९५६ साली तोच गोळा 'प्ले डो' नावाने दुकानात आला. आज त्याचे मालक वेगळे आहेत, आणि २०१८ साली त्यांनी गोळ्याचा वासही स्वतःच्या नावावर नोंदवून घेतला. व्हॅनिलासारखा गोड वास, किंचित चेरी, आणि त्याखाली खारट पिठाचा, असं त्या नोंदीत लिहिलंय.

"म्हणजे बालवाडीच्या बाईनेच कंपनी तारली," मी म्हटलं. माझ्या या वाक्याची घरात पुरेशी दखल घेतली गेली नाही.

ह्यांचं लक्ष वासावर होतं. "पिठाच्या वासावर मालकी? मग आपल्या भाजणीचं काय?"

ते ऐकून सूनबाईला आठवलं, की आपल्या गोळ्याला वास नाहीच. वास हाही सेन्सरीत येतो. व्हॅनिला घरात नव्हता. तिने पिवळ्या गोळ्यात वेलदोड्याची पूड मळली. त्या क्षणी आमच्या घरात काय वस्तू तयार झाली आहे, याची तिला कल्पना नव्हती. मला होती, पण मला वाटलं, आपण मध्ये मध्ये बोलू नये.

खेळ सुरू झाला. लहान मुलाच्या हातात गोळा दिला की पहिल्यांदा साप होतो. मग सापाचा लाडू होतो. मग लाडवावर थाप मारून पोळी. नंतर पोळीला बोटाने भोकं. किती मुलं माझ्या हाताखालून गेली, हा क्रम मोडलेला मी पाहिला नाही. कोसबाडच्या मातीत हाच होता आणि ठाण्याच्या मैद्यातही हाच. नात भोकांपर्यंत आली होती आणि अतिशय सुखात होती. तेवढ्यात तिच्या बाबाला 'माझे आवडते विश्व' आठवलं. समुद्र जांभळा झाल्यामुळे त्याने विश्वाचा विस्तार करून सूर्यमाला घ्यायचं ठरवलं. हळदीचा सूर्य फक्कड झाला. शेवाळी पृथ्वी झाली. शनीचं कडं बसेना, म्हणून त्याने काट्याने मोजून दंडगोल लाटले, जीभ दातात धरली, आणि अर्धा तास त्या खोलीत त्याच्याशी बोलायची सोय राहिली नाही. इतका शांत मी त्याला दहावीच्या अभ्यासाच्या वेळीही पाहिला नव्हता. सेन्सरी प्लेचे जे फायदे संदेशात दिले होते, ते एकूण एक माझ्या मुलाला झाले.

नातीने मंगळ उचलला आणि सूर्यात दाबला.

"रंग मिसळू नकोस!" असं घरातली तीन माणसं एकदम ओरडली. मुलाच्या हातात चार रंग दिले, की ते एक करून बघणं हाच त्यातला खेळ असतो, हे मी पालकांना जन्मभर सांगत आले. त्या तिघांत एक आवाज माझा होता, हे सुनेने नंतर लक्षात आणून दिलं. सगळे ग्रह मिळून पावसाळ्यातल्या रस्त्याच्या रंगाचा एक गोळा झाला, आणि नात म्हणाली, "आता चांगला झाला."

फोटोसाठी सूर्य पुन्हा काढला. नातीचे हात पुसले, फ्रॉक बदलला, केस विंचरले, तिला पाटावर बसवलं आणि सांगितलं, "हात लावू नकोस, नुसतं बघ आणि हस." स्पर्शाच्या खेळाचा फोटो असा निघाला. ग्रुपवर तोवर इतरांचे येऊन पडले होते. एका घरातून आलेल्या गणपतीला जानवं होतं आणि सोंडेवर नक्षी. एका घराने आख्खा रायगड पाठवला होता, टकमक टोकासकट. प्रत्येकाखाली लिहिलेलं, 'पाल्याने स्वतः केले.' बाईंनी सगळ्यांना सारखाच 'खूप छान' पाठवला. मी त्यांच्या जागी असते तर मीही तोच पाठवला असता. साडेतीन वर्षांच्या मुलाने टकमक टोक केलंय असं म्हणणाऱ्या पालकाशी वाद घालून बालवाडी चालत नाही.

उरलेले गोळे झाकणाच्या डब्यांत घालून ठेवायचे असतात, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं. ठाण्याची पावसाळी हवा तर ओढायला पाणीच पाणी देते. एका रात्रीत गोळ्याला घाम फुटला. म्हणून मैदा लावून, मळून, सूनबाईने ते फ्रिजमध्ये टाकले. पिवळा, वेलदोड्याच्या वासाचा गोळा जाऊन बसला तो स्टीलच्या ज्या डब्यात मी होळीला पुरण ठेवते त्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला तेव्हा गोळ्याला चमच्याच्या आकाराचा खड्डा होता. अगदी स्वच्छ, एका बाजूने घेतलेला, ज्याला पुरण चोरून खाण्याचा सराव आहे अशा हाताचा.

मी कुणाला काही विचारलं नाही. हे रात्रीत तीन वेळा पाण्याला उठले होते आणि सकाळच्या चहाला त्यांनी "आज साखर नको" म्हटलं, जे त्यांनी आजवर स्वतःहून कधीच म्हटलं नव्हतं. त्यांना साखरेचंही पथ्य आहे. साखरेचं मोडायला गेले आणि मिठाचं मोडलं. बरं, तक्रार करायची सोय नाही. तक्रार केली तर रात्री फ्रिजपाशी काय करत होता, हे आधी सांगावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने त्या चमच्यात किती दिवस होते, ते मुलाला विचारावं असं माझ्या फार मनात आलं. पण नवऱ्याची अब्रू वजनकाट्यावर ठेवायची नसते.

एक गोळा बिनरंगाचा राहिला होता, निळ्यासाठी काढलेला. तो घेऊन नात दुपारी देवघरापाशी खेळत होती. समई आणि उदबत्ती रोज असते. देव्हाऱ्यामागची भिंत आम्हांला पांढरीच वाटायची. नातीने गोळ्याची पोळी थापून भिंतीवर चिकटवली आणि ओढून काढली. भिंतीवर खरोखरचा पांढरा रंग असलेला एक गोल उमटला. तिने शेजारी दुसरा काढला, मग तिसरा, मग साप. हाक मारली तेव्हा आम्ही सगळे जमलो आणि ते गोल सोडून उरलेल्या भिंतीकडे पाहत राहिलो. सिनसिनाटीची काजळी साठ-सत्तर वर्षांपूर्वी संपली म्हणतात. आमची शाबूत होती.

सूनबाई म्हणाली, "आता रंग काढावा लागणार." मुलाने रंगाऱ्याचा मागच्या खेपेचा आकडा सांगितला, आणि लगेच टेप आणून भिंत मोजायला घेतली. एका गोळ्यात किती चौरस फूट निघते, गोळा काळा झाला की पुन्हा मळून चालतो का, मैदा घाऊक घेतला तर काय भाव पडेल, असा त्याचा हिशेब तोंडाने चालला होता. हे मागे हात बांधून उभे होते. फार गंभीरपणे म्हणाले, "चांगली कल्पना आहे. फ्रिजमधला तो पिवळाही वापरून टाका. घरात ठेवूच नका."

नातीने काळी पडलेली पोळी पुन्हा मळायला घेतली आणि वर न बघता म्हणाली, "आबा, तुम्ही आता आणखी खाऊ नका हं. मला भिंतीला लागणारेत."